पहिला गेमिंग पीसी: कोणता भाग आधी निवडायचा आणि का

पहिल्यांदा पीसी जोडायला निघालेला माणूस बहुतेक वेळा प्रोसेसरपासून सुरुवात करतो. जाहिरात त्याचीच जास्त असते, म्हणून आधी तो ठरतो. मग त्याला साजेसा मदरबोर्ड येतो, मग काचेचं, दिव्यांचं कॅबिनेट, आणि उरलेल्या पैशात बसेल ते ग्राफिक्स कार्ड. हा क्रम उलटा आहे. गेम किती सुंदर दिसेल आणि किती सुरळीत चालेल यात सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा असतो, आणि कार्ड किती ताकदीचं हवं हे ठरतं मॉनिटरवरून. म्हणून यादी मॉनिटरपासून लिहायला घ्या आणि एकेक भाग ठरवत मागे या. प्रत्येक पुढच्या भागाला एकच प्रश्न विचारायचा: आधी ठरलेल्या भागाला हा अडवणार तर नाही ना?

पायरी १: मॉनिटर आणि तुमचे गेम

१०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २०.७ लाख पिक्सेल. १४४०पीमध्ये ते ३६.९ लाख होतात आणि फोरकेमध्ये ८२.९ लाख, म्हणजे १०८०पीच्या बरोबर चौपट. इतके पिक्सेल ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्रासाठी, नव्यानं तयार करावे लागतात. दुसरी गोष्ट रिफ्रेश रेटची, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो याची; हा आकडा हर्ट्झमध्ये देतात. सेकंदाला ६० फ्रेम्स हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. रिझोल्यूशन वाढवलं की भार मुख्यतः कार्डावर येतो. फ्रेम्स वाढवायच्या तर प्रोसेसरलाही तेवढ्याच घाईनं काम उरकावं लागतं, कारण शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, पुढच्या फ्रेममध्ये काय काय काढायचं आहे, हा हिशोब तोच करतो.

आता तुमचे गेम समोर ठेवा. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट हेच मुख्य असतील तर १०८०पी, जास्त हर्ट्झचा मॉनिटर आणि चांगला प्रोसेसर हे गणित जमतं. सायबरपंक २०७७सारखे भव्य, कथेवर चालणारे गेम आवडत असतील तर १४४०पी घ्या आणि पैसा कार्डात घाला. सिटीज स्कायलाइन्स २ किंवा फॅक्टोरिओसारख्या गेममध्ये शहर किंवा कारखाना वाढत गेला की प्रोसेसर दमतो, मग कार्ड कितीही भारी असो.

माझं स्पष्ट मत असं की पहिल्या पीसीसाठी १४४०पी आणि १४४ हर्ट्झ किंवा त्याहून जास्तीचा आयपीएस (रंग चांगले दाखवणाऱ्या पॅनेलचा) मॉनिटर सगळ्यात जास्त समाधान देतो. हात तंग असेल तर १०८०पी घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फोरकेच्या वाटेला मात्र आत्ता जाऊ नका. त्या रिझोल्यूशनला पुरेल असं कार्ड बाकी सगळं बजेट खाऊन टाकतं. मॉनिटर कोणताही घ्या, फ्रीसिंक किंवा जीसिंक कंपॅटिबल आहे याची खात्री करा. फ्रेम्स वरखाली होत राहिल्या तरी मॉनिटर त्यांच्या तालावर चालतो आणि चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसत नाही.

पायरी २: ग्राफिक्स कार्ड

मॉनिटर बाजूला ठेवून पीसीचं जे बजेट उरेल त्याचा साधारण ३५ ते ४५ टक्के भाग कार्डाला द्या. इथे हात आखडता घेतला तर बाकी कुठल्याच भागानं ती कसर भरून निघत नाही.

कार्ड निवडताना दोन गोष्टी बघायच्या: चिपची ताकद आणि कार्डावरची मेमरी, म्हणजे व्हीरॅम. ताकद कमी पडली तर सेटिंग थोडी खाली आणून निभावतं. मेमरी कमी पडली की गोष्ट वेगळी होते. टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) व्हीरॅममध्ये मावेनासे झाले की ते साध्या रॅममधून पीसीआयई स्लॉटवाटे, म्हणजे कार्ड मदरबोर्डात बसतं त्या खाचेतून, ओढून आणावे लागतात, आणि ही वाट फार अरुंद असते. आरटीएक्स ४०६०चं उदाहरण घ्या. तिच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला २७२ जीबी आहे, पण हे कार्ड पीसीआयई ४.०च्या आठच लेन वापरतं, आणि तिथून सेकंदाला जेमतेम १६ जीबी येतात. त्यामुळे सरासरी फ्रेम्स ठीक दिसत असल्या तरी वळणावर, दारातून आत शिरताना गेम अडखळतो, किंवा भिंती धूसर दिसतात आणि काही क्षणांनी स्पष्ट होतात. म्हणून माझा सल्ला असा: १०८०पीवर ऑनलाइन शूटर खेळणाऱ्याला ८ जीबी चालेल, १४४०पीसाठी १२ जीबीच्या खाली उतरू नका, १६ मिळत असेल तर उत्तमच. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतात. खोक्यावरचं नाव तेच असतं, म्हणून मागवताना आकडा नीट वाचा. कधी तर फरक मेमरीपुरताही राहत नाही: आरटीएक्स ३०५०च्या ६ जीबी कार्डात ८ जीबीवालीपेक्षा कोअरही (प्रत्यक्ष हिशोब करणारे भाग) कमी आहेत.

अपस्केलिंगचाही विचार आत्ताच करून ठेवा, कारण आता बहुतेक मोठे गेम ते गृहीत धरूनच बनतात. एनव्हिडियाची डीएलएसएस, एएमडीची एफएसआर आणि इंटेलची एक्सईएसएस या तिन्ही पद्धती गेम कमी रिझोल्यूशनला काढतात आणि मग चित्र मोठं करतात. १४४०पीवर डीएलएसएसचा क्वालिटी मोड लावला की गेम प्रत्यक्षात ९६०पीला काढला जातो. १४४०पीवर हे बहुतेक वेळा डोळ्यांना खटकत नाही. १०८०पीवर मुळात पिक्सेलच थोडे, त्यामुळे चित्र मऊ पडतं. डीएलएसएस फक्त एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांवर चालतं. फ्रेम जनरेशनच्या आकड्यांना मात्र भुलू नका. दोन खऱ्या फ्रेम्समध्ये बनवलेली एक फ्रेम घातली की हालचाल गुळगुळीत दिसते, पण माऊस हलवल्यावर गेम प्रतिसाद देतो तो खऱ्या फ्रेम्सच्याच वेगानं. मुळात ३० फ्रेम्स मिळत असतील तर दुपटीचा आकडा दिसूनही हाताला जडपणा जाणवतोच. तुलना करताना फ्रेम जनरेशन बंद असतानाचे आकडेच बघा, आणि सरासरीच्या शेजारी ‘१% लो’ हा आकडाही बघा. सगळ्यात संथ गेलेल्या एक टक्का फ्रेम्सचा हिशोब तो सांगतो. सरासरी ९० आणि १% लो ३५ असं कार्ड खेळताना टोचत राहतं. ८० आणि ६२ असलेलं जास्त सुखाचं.

एकाच चिपची वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं वेगात जवळपास सारखीच असतात. फरक असतो तो कूलर, आवाज आणि वॉरंटीत. साधं मॉडेल घ्या. तीन पंख्यांच्या महागड्या आवृत्तीसाठी जे वर मोजता, तेवढ्यात कित्येकदा वरच्या श्रेणीतली चिप जवळ येते. आणि इंटेलचं आर्क कार्ड घेणार असाल तर मदरबोर्डवर रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू होतं याची आधी खात्री करा; त्याशिवाय ते कार्ड आपली ताकद दाखवत नाही.

पायरी ३: प्रोसेसर

प्रोसेसरचे रिव्ह्यू वाचताना पहिल्यांदा पीसी जोडणारे हमखास फसतात, म्हणून ते कसे वाचायचे हे सांगतो. रिव्ह्यूमध्ये प्रोसेसर १०८०पीवर, बाजारातलं सगळ्यात ताकदवान कार्ड लावून तपासतात. ते योग्यच आहे, कारण कार्ड आड येऊ न देता प्रोसेसरमधला फरक बघायचा असतो. पण तो आकडा तुमच्या पीसीचा नसतो. समजा एका गेममध्ये प्रोसेसर अ १६० फ्रेम्स देतो आणि ब २१०. तुम्ही ठरवलेलं कार्ड त्याच गेममध्ये १४४०पीवर ९० फ्रेम्स देतं. मग अ लावा किंवा ब, मिळणार ९०च्या आसपासच. दोघांतल्या किमतीचा फरक कार्डाकडे वळवा, तो तिथे लगेच दिसेल. हाच खेळाडू काउंटर-स्ट्राइक कमी सेटिंगवर २४० हर्ट्झला खेळणार असेल, तर मात्र ब घ्यायला खरंच कारण आहे.

६ कोअर आणि १२ थ्रेडचा अलीकडचा प्रोसेसर हा आजचा समंजस पाया आहे. रायझन ५ ७६०० हे त्याचं चांगलं उदाहरण. त्याच्या वर जायचं तर नुसते कोअर मोजत बसू नका. गेमना कॅशचा फायदा जास्त होतो. रायझन ५ ७६००मध्ये ३२ एमबी एल३ कॅश आहे, तर रायझन ७ ७८००एक्स३डीमध्ये ९६. गेमला वारंवार लागणारी माहिती चिपवरच हाताशी राहते, रॅमपर्यंतचे हेलपाटे वाचतात, आणि त्याचा परिणाम ‘१% लो’मध्ये ठळक दिसतो. १२ किंवा १६ कोअर घ्यायचे ते व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी काम असेल तरच.

नावाच्या शेवटची अक्षरं नीट वाचा. ‘एफ’ असेल तर प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. हे स्वस्त पडतं, पण उद्या कार्ड बिघडलं तर पडद्यावर काहीच येणार नाही आणि दोष कुठे आहे हे शोधणं अवघड होईल. इंटेलमध्ये ‘के’ म्हणजे ओव्हरक्लॉक करता येतो, ठरलेल्या वेगाच्या वर नेता येतो. अशा प्रोसेसरसोबत खोक्यात कूलर येत नाही. इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर घेत असाल तर मदरबोर्डाचा बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करणं टाळू नका. त्या चिपमध्ये जास्तीच्या व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती, आणि त्यावरचे उपाय २०२४मध्ये बायोसमार्फतच आले. वापरलेला घेत असाल तर दुप्पट विचार करा, कारण आधीच झालेली झीज बायोसनं भरून येत नाही.

पायरी ४: मदरबोर्ड

सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, जुळलं पाहिजे, ही पहिली अट. एएमडीचं एएम५ सॉकेट २०२२मध्ये आलं आणि त्यात डीडीआर५ रॅमच चालते. त्याआधीच्या एएम४मध्ये डीडीआर४. इंटेलचं एलजीए१७०० दोन्ही प्रकारच्या बोर्डांत मिळतं, म्हणून बोर्डाच्या नावातली रॅमची पिढी तपासा; डीडीआर४ची पट्टी डीडीआर५च्या स्लॉटमध्ये बसतच नाही. इंटेलचं नंतरचं एलजीए१८५१ फक्त डीडीआर५चं. पुढे कधीतरी फक्त प्रोसेसर बदलून काम भागवायचं मनात असेल तर मी एएम५ घेईन. एएम४वर २०१७चा बोर्ड असलेल्या कित्येकांनी बायोस अपडेट करून २०२२चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसवला, हे डोळ्यांसमोर आहे.

बी श्रेणीचा चिपसेट (बोर्डाची नियंत्रक चिप), म्हणजे बी६५०, बी८५० किंवा इंटेलमध्ये बी७६०, गेमिंगला पुरून उरतो. महागडा बोर्ड फ्रेम्स वाढवत नाही. बघायचं ते एवढंच: प्रोसेसरभोवतीच्या व्हीआरएमवर (त्याला वीज पुरवणाऱ्या भागावर) धातूचे हीटसिंक आहेत का, एसएसडीचे किमान दोन एम.२ स्लॉट आहेत का, मागे पुरेसे यूएसबी आहेत का, वायफाय लागणार असेल तर ते बोर्डावर आहे का.

आणखी दोन गोष्टी पहिल्या पीसीसाठी मी आवर्जून मागेन. एक, बायोस फ्लॅशबॅकचं बटण. जुन्या साठ्यातला बोर्ड नवा प्रोसेसर ओळखत नाही, असं घडतं. हे बटण असेल तर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. दुसरी, चार छोटे डिबग दिवे: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) आणि बूट. पीसी सुरू झाला नाही तर ज्याचा दिवा लागून राहतो त्या भागाकडे बघायचं. हे दिवे नसतील तर आंधळी कोशिंबीर सुरू होते.

पायरी ५: रॅम आणि एसएसडी

रॅम नेहमी दोन पट्ट्यांची घ्या. एकच पट्टी लावली तर दोनपैकी एकच चॅनेल चालतं आणि मेमरीची रुंदी निम्मी होते. १६ जीबीत आज भागतं, ३२ जीबीत निर्धास्त राहता येतं. ‘आत्ता १६ची एक, नंतर आणखी एक’ हा बेत टाळा, कारण वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्या एकमेकींशी जुळतीलच असं नाही. डीडीआर५मध्ये चारही स्लॉट भरले तर वेग खाली आणावा लागतो, तेव्हा सुरुवातीलाच हवी तेवढी क्षमता दोन पट्ट्यांत घ्या.

वेग बघताना नुसता मेगाट्रान्स्फरचा आकडा पाहू नका, शेजारचा सीएलही बघा. सीएलला २००० नं गुणा आणि वेगानं भागा, म्हणजे नॅनोसेकंदात उशीर कळतो. ६००० सीएल३०चे १० नॅनोसेकंद होतात, ६००० सीएल४०चे १३.३. आकडा ६०००च, पण पट्टी वेगळी. एएम५साठी ६००० सीएल३० ही जोडी चांगली जमते. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, त्यामुळे बजेट ताणत असेल तर सीएल३६वर समाधान माना. क्षमतेवर किंवा दोन पट्ट्यांवर तडजोड करू नका. रंगीत दिवे आणि उंच हीटसिंक असलेल्या पट्ट्या मोठ्या एअर कूलरखाली अडकतात, हेही ध्यानात ठेवा.

एसएसडीचं थोडक्यात सांगतो. १ टीबीची एनव्हीएमई, पीसीआयई ४.०, टीएलसी प्रकारची. मोठे गेम एकेकटे १०० जीबीच्या वर जातात, त्यामुळे ५०० जीबी पाहता पाहता भरते. पीसीआयई ५.०च्या ड्राइव्हसाठी गेमरनं जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. लोडिंगमधला फरक घड्याळ लावूनही जेमतेम सापडतो.

पायरी ६: एसएमपीएस

हा भाग, म्हणजे सगळ्या पीसीला वीज पुरवणारा डबा, फ्रेम्स देत नाही, म्हणून यादीत शेवटी उरतो आणि त्याच्यावरच कात्री चालते. असं अजिबात करू नका. बाकी सगळे भाग याच्याच आधारानं चालतात, आणि चांगला एसएमपीएस पुढच्या पीसीतही वापरता येतो.

किती वॅट लागतील ते स्वतः मांडा. आरटीएक्स ५०७० घेतलं तर २५० वॅट. रायझन ५ ७६०० पूर्ण भारात ८८ वॅटपर्यंत जातो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ७० धरा. बेरीज ४०८. कार्ड क्षणभर याच्या बरंच वर उसळतं, आणि एसएमपीएसला कायम टोकावर धावायला लावू नये, म्हणून ६५० वॅट. एनव्हिडियाही या कार्डासाठी तेवढंच सुचवते. हजार वॅटची इथे गरज नाही.

आता लेबल वाचायला शिका. पीसीचा जवळपास सगळा भार १२ व्होल्टवर असतो. लेबलवर १२ व्होल्टखाली ५४ अँपिअर लिहिले असतील तर ५४ गुणिले १२, म्हणजे ६४८ वॅट. हा खरा ६५०. दुसऱ्या एखाद्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ६५० असेल आणि लेबलवर १२ व्होल्टखाली ३८ अँपिअर, तर तुमच्या कार्डाच्या आणि प्रोसेसरच्या वाट्याला ४५६ वॅटच येणार. तो बाजूला ठेवा. ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड हा शिक्का किती वीज वाया जाते तेवढंच सांगतो. आतले भाग किती टिकाऊ आहेत, संरक्षण किती पक्कं आहे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आत उघडून तपासणारे रिव्ह्यू वाचा आणि वॉरंटीची वर्षं बघा. नवं कार्ड घेत असाल तर एटीएक्स ३.० किंवा ३.१चा एसएमपीएस घ्या. अशा उसळ्या सोसण्याची अट त्या मानकातच आहे.

मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: दुसऱ्या एसएमपीएसच्या केबल कधीही लावायच्या नाहीत. ग्राफिक्स कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकातल्या पिना प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं लावते. केबल नीट बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की ड्राइव्ह कायमचा जातो. वापरलेला एसएमपीएसही घेऊ नका.

पायरी ७: कूलर आणि कॅबिनेट

६५ वॅटच्या ६ कोअर प्रोसेसरला खोक्यातला कूलर पुरतो, फक्त आवाज थोडा जास्त येतो. एका टॉवरचा, १२० मिलिमीटर पंख्याचा साधा एअर कूलर लावला की ७८००एक्स३डीसुद्धा आरामात चालतो. लिक्विड कूलर दिसायला छान असतो, पण पहिल्या पीसीत त्याची गरज क्वचितच पडते.

कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची हवी. पुढे सलग काच असेल तर पंख्यांना हवा ओढायला वाट कुठून आहे ते फोटोत नीट बघा. मग तीन मापं कागदावर घ्या: कार्डाची लांबी, कूलरची उंची आणि मदरबोर्डचा आकार. कॅबिनेटच्या माहितीत या तिन्हींच्या मर्यादा दिलेल्या असतात. एक खाच मात्र तिथे ठळक लिहिलेली नसते. पुढे लिक्विड कूलरचा रेडिएटर बसवला तर त्याची साधारण २७ मिलिमीटर जाडी आणि पंख्याची २५ मिलिमीटर, अशी पाच सेंटिमीटरहून जास्त जागा कार्डाच्या लांबीतून जाते. एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर असतो, मायक्रो एटीएक्स २४४ गुणिले २४४. मायक्रो एटीएक्स बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो. उलट होत नाही.

बेरीज जास्त झाली तर

कापायचा क्रमही ठरलेला असावा. आधी दिवे, काच आणि लिक्विड कूलर काढा. मग मदरबोर्ड एक पायरी खाली आणा, मग प्रोसेसर ६ कोअरवर आणा. तरीही जमत नसेल तर मॉनिटर १४४०पीवरून १०८०पीवर उतरवा आणि त्याबरोबर कार्डही. कार्ड तेवढं कमी करून १४४०पीचा हट्ट धरण्यापेक्षा ही जोडी बरी. एसएमपीएसला हात लावू नका. वापरलेलं कार्ड हा चांगला मार्ग असू शकतो, पण समोर बसून अर्धा तास जड गेम चालवून बघायला मिळाला तरच, आणि वॉरंटीचा कागद सोबत असेल तरच. विंडोजचं लायसन्स, कीबोर्ड, माऊस आणि हेडफोन यादीत लिहायला विसरू नका. बेरीज बहुतेक वेळा तिथेच फसते.

सगळे भाग शक्यतो एकाच सुमारास मागवा. एकेक महिन्यानं एकेक भाग घेत गेलात तर पहिल्या भागाचा दोष कळेपर्यंत बदलून मिळण्याची मुदत संपलेली असते. जोडणी झाल्यावर एएम५चा पीसी पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड रॅम जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबू नका. रॅम दोन पट्ट्यांची असेल तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर ६०००ची रॅम ४८००वरच चालत राहील. मॉनिटरची केबल मदरबोर्डात न लावता ग्राफिक्स कार्डातच लावा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट ६०वरून १४४ करा.